कलणारे जहाज

दिवाळीच्या सुट्टीत आमचा नातू राहायला आला होता. दुपारी जेवण झाले की तो आणि शेजारचा त्याचा मित्र टीव्हीला ते यंत्र जोडून बसायचे. एक दिवस मी वर्तमानपत्र वाचत असताना नातू एकदम ओरडला, "हे चीटिंग आहे!" मला वाटले, पोरांचे भांडण जुंपले. पण त्याची तक्रार मित्राबद्दल नव्हती, जमिनीबद्दल होती. पडद्यावर अंतराळातून जाणारे एक जहाज होते आणि त्याच्या पाठीवर दोघांची लढाई चालली होती. नातवाचा गडी बाहेर फेकला गेला, परत येऊन काठ पकडणार इतक्यात जहाज थोडे कलले, काठाखाली त्याचे डोके अडकले आणि तो खाली गेला.

"आजोबा, तुम्हीच सांगा. मी बरोबर खेळलो होतो. जमीन हलली त्याला मी काय करू?"

मग त्याने कुठेतरी जाऊन एक बटण बंद केले आणि जहाज कलायचे थांबले. पुढचा डाव शांतपणे पार पडला.

सदतीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला जमिनीवरून झालेले भांडण सोडवत नाही. मी त्या जहाजाच्या मागे लागलो. नातवाला विचारले, पुण्यातल्या भाच्याने काही लेख काढून दिले, काही मी स्वतः शोधले. जे हाती लागले ते मला इतके रंजक वाटले की येथे लिहून ठेवतो.

या खेळाचे नाव 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या वेगवेगळ्या खेळांतली पात्रे यात एकत्र येऊन लढतात. आपल्याकडे एका नाटकातला नायक दुसऱ्या नाटकात शिरून तिसऱ्यातल्या खलनायकाशी भिडावा, तसे. इतर मारामारीच्या खेळांत प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी असते, ती संपली की गडी हरला. येथे उलट आहे. मार बसेल तसा टक्का वाढत जातो आणि जितका टक्का जास्त, तितका गडी लांब उडतो. उडून मैदानाबाहेर पडला की बाद. म्हणजे हा खेळ मुळात कुस्तीपेक्षा हद्दीचा आहे. काठ कुठे आहे, उंचवटा कुठे आहे, पाय ठेवायला जागा किती, यावर सगळे अवलंबून. म्हणून यात जमीन हा जणू आणखी एक गडीच असतो.

आता हे जहाज. याची कुळकथा क्योटो शहरात सुरू होते. निन्टेंडोचे मुख्यालय तेथे आहे आणि त्याच शहरात फुशिमी इनारीचे प्राचीन देवस्थान आहे. डोंगरावर चढत जाणाऱ्या हजारो केशरी-लाल कमानी, आणि त्या देवतेचे दूत म्हणजे कोल्हे. शिगेरु मियामोतो या निन्टेंडोच्या नामांकित रचनाकाराला त्या कमानींतून उडत जाण्याचा खेळ सुचला आणि त्याचा नायकही कोल्हाच ठरला. त्याच सुमारास लंडनच्या अर्गोनॉट सॉफ्टवेअर या कंपनीतले डिलन कथबर्टसारखे विशीच्या आसपासचे तरुण क्योटोला येऊन काम करत होते. निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम यंत्राचा मुख्य मेंदू ३.५८ मेगाहर्ट्झचा. त्रिमिती चित्रे काढणे त्याच्या कुवतीबाहेरचे होते. अर्गोनॉटने सुचवले, यंत्र बदलू नका, खेळाच्या कॅसेटमध्येच जादा मेंदू बसवा. तीच सुपर एफएक्स चिप, सुमारे १०.५ मेगाहर्ट्झची. म्हणजे घरातल्या यंत्रापेक्षा त्यात घातलेली कॅसेट जास्त वेगवान! २१ फेब्रुवारी १९९३ ला 'स्टार फॉक्स' बाहेर आला. कमानींतून उडणारी कोल्ह्याची विमाने, त्रिकोण-चौकोनांची. मियामोतोंना 'थंडरबर्ड्स' ही कळसूत्री बाहुल्यांची इंग्रजी मालिका आवडायची, म्हणून खोक्यावरच्या चित्रासाठीही खऱ्या बाहुल्या केल्या होत्या. जपानी देवळातला कोल्हा, इंग्रजी बाहुल्या आणि लंडनच्या पोरांचे गणित. संस्कृतींची देवाणघेवाण म्हणून आम्ही वर्गात रेशीममार्ग शिकवतो, त्याच जातीचे हे उदाहरण आहे.

१९९७ मध्ये निन्टेंडो ६४ यंत्रावर 'स्टार फॉक्स ६४' आला. फॉक्स, फाल्को, पेपी आणि स्लिपी या चौघांच्या तुकडीचे एक मोठे जहाज त्यात आहे, 'ग्रेट फॉक्स'. लढून आलेली छोटी विमाने त्यावर परतायची, म्हणजे ते त्यांचे घरच. त्या खेळात 'सेक्टर झेड' नावाचा एक टप्पा आहे. शत्रूची मोठमोठी क्षेपणास्त्रे ग्रेट फॉक्सच्या दिशेने येतात आणि ती वाटेतच फोडून खेळणाऱ्याने आपले घर वाचवायचे असते.

हे नाव लक्षात ठेवा. कारण २१ जानेवारी १९९९ ला जपानमध्ये पहिला 'सुपर स्मॅश ब्रदर्स' आला, तेव्हा त्यातल्या एका मैदानाचे नाव होते 'सेक्टर झेड' आणि ते मैदान म्हणजे ग्रेट फॉक्सचीच पाठ. ज्या जागी दोन वर्षांपूर्वी पोरांनी ते घर वाचवले होते, तेथेच आता त्याच्या छपरावर मारामारी. हे मैदान त्या खेळातले सर्वांत विस्तीर्ण. उंचसखल, एकीकडे भिंतीसारखा उभा पंख, आणि मधूनच आर्विंग विमाने येऊन लेझर सोडून जायची. कोणावर सोडली याचा त्यांना विधिनिषेध नाही. सावध असेल त्याने बाजूला व्हावे, नसेल त्याने मार खावा.

येथे मला प्रश्न पडला, करणाऱ्याने अशी लहरी जमीन का केली असेल? त्याचे उत्तर मासाहिरो साकुराई या माणसात सापडते. हॅल लॅबोरेटरी या कंपनीत तो रचनाकार होता. त्यानेच सांगितलेली हकिगत अशी. एकदा तो गेमच्या दुकानात 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळत होता. समोर एक जोडपे येऊन बसले. ते अगदी नवखे होते. साकुराई पटाईत, त्याने त्यांना पार झोपवले. नंतर त्याला स्वतःचीच लाज वाटली. ते दोघे करमणुकीसाठी आले होते आणि हिरमुसून गेले. मारामारीचे खेळ फक्त पटाईतांचे होऊन बसले आहेत, हे त्याच्या मनात राहिले.

त्यातून त्याने चार जणांनी एकत्र खेळायच्या एका खेळाचा कच्चा खर्डा केला. प्रोग्रॅम लिहिणारा कोण, तर सातोरु इवाता. हा त्या कंपनीचा अध्यक्ष! १९९३ मध्ये कर्जात बुडालेली ती कंपनी त्याच्या हाती आली होती आणि अध्यक्ष असूनही शनिवार-रविवारी बसून तो हे काम करत असे. पुढे २००२ मध्ये तो निन्टेंडोचा अध्यक्ष झाला आणि २०१५ मध्ये त्या पदावर असतानाच वारला. खर्ड्यातली माणसे आधी बिनचेहऱ्याची होती. मग साकुराईने परवानगी न घेताच त्यांच्या जागी निन्टेंडोची चार पात्रे घालून पाहिली आणि नंतर ते वरिष्ठांना दाखवले. त्या पहिल्या चौघांत मारिओच्या बरोबरीने आपला हा कोल्हाही होता.

म्हणजे मैदानाची लहर मुद्दाम ठेवलेली होती. पटाईत माणूस सगळे हिशेब पाठ करून येतो. पण मधेच विमान आले, जमीन सरकली, तर त्याचा हिशेब चुकतो आणि नवख्यालाही एखादा डाव मिळून जातो. घरात चार माणसे खेळायला बसली, तर दर वेळी एकाच माणसाने जिंकू नये, एवढाच त्यातला हेतू.

पुढचा इतिहास मात्र या हेतूच्या उलट्या दिशेने गेला. २००१ मध्ये दुसरा खेळ आला, 'मेली'. त्यात ग्रेट फॉक्स दोनदा आहे, एकदा कॉर्नेरिया ग्रहावरून उडताना आणि एकदा शत्रूच्या व्हेनम ग्रहावरून. तपशील सुंदर आहेत. फॉक्स किंवा फाल्को घेऊन या मैदानावर एक विशिष्ट खूण केली, तर लढाई चालू असतानाच रेडिओवर सोबत्यांचे बोलणे ऐकू येते. पण या खेळाच्या मोठमोठ्या स्पर्धा भरू लागल्या, त्यांत बक्षिसाचे पैसे आले, आणि पैशाबरोबर नियम आले. कॉर्नेरियावर तो पंख भिंतीसारखा उभा, काही पात्रे प्रतिस्पर्ध्याला त्या भिंतीशी गाठून सुटूच द्यायची नाहीत. शिवाय विमानांच्या लेझरने कुणाचे बक्षीस जाणार? सुरुवातीला स्पर्धांत हे मैदान चालत असे, पुढे ते वगळले गेले. शेवटी चार-सहा शांत मैदाने तेवढी उरली.

२००८ च्या 'ब्रॉल'मध्ये नवे मैदान आले, 'लायलॅट क्रूझ'. नातवाचे जहाज ते हेच. आता हे ग्रेट फॉक्स नाही. मूळ मालिकेत २००५ च्या 'असॉल्ट' या खेळात म्हाताऱ्या पेपीने शत्रूचे कवच फोडण्यासाठी ग्रेट फॉक्स त्यावर नेऊन आदळवले होते. लायलॅट क्रूझमधल्या जहाजाचे नाव 'प्लायडीझ', म्हणजे आपल्या कृत्तिका. मागे लघुग्रह जातात, लढणारी विमाने जातात, ग्रहाचे आकाश येते. जहाजाची पाठ बऱ्यापैकी सपाट, वर तीन लहान फळ्या, भिंत नाही, लेझर नाही. स्पर्धकांना चालेल असेच. फक्त एक खोड ठेवली, जहाज वळले की जमीन हळूच कलते. जुन्या लहरीतला तेवढाच अंश उरला होता.

स्पर्धकांना तोही सोसेना. कलत्या जमिनीवर सोडलेला बाण वेगळ्या ठिकाणी लागतो, काठ हुकतो, अशा तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. २०१४ च्या आवृत्तीत प्रत्येक मैदानाचे एक साफ सपाट रूप देण्यात आले. ७ डिसेंबर २०१८ ला आलेल्या 'अल्टिमेट'मध्ये तर मैदानातले अडथळे बंद करण्याचे बटणच आले. ते दाबले की जहाज कलत नाही. नातवाने दाबले ते हेच.

येथपर्यंत वाचून वाटेल, चला, एकोणीस वर्षांनी न्याय झाला. मलाही आधी तसेच वाटले. पण नातवाचा मित्र, जो फारसा बोलत नाही, एक वाक्य बोलून गेला. "सपाटवर तुझाच जोर असतो ना." मी खोदून विचारले. खरेच होते. काही पात्रे लांबून मारा करणारी असतात. सपाट मैदानात त्यांना अडवायला काही नसते, त्यांचा प्रत्येक बाण सरळ जातो. अंगाला भिडणाऱ्या पात्रांना वर चढायला फळी हवी असते, आडोसा हवा असतो. या खेळाचे जाणकारही सांगतात की निव्वळ सपाट मैदान तटस्थ नसते, ते काही पात्रांना झुकते माप देते.

हे मला कळायला हवे होते. घोडखिंड अरुंद होती म्हणून मूठभरांनी ती लढवली आणि पानिपत मोकळे होते म्हणून तेथे दुसऱ्यांचे फावले, हे मीच वर्षानुवर्षे फळ्यावर नकाशे काढून शिकवले. तरीही न्याय म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे सपाट मैदानच यायचे. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, एकच तीन तास, पाच मिनिटे उशीर झाला तरी वेळ वाढवून मिळणार नाही. माझ्या वर्गात एक मुलगा नदीपलीकडच्या वाडीतून यायचा. एका सहामाहीला पावसाने साकव बुडाला आणि तो वळसा घालून पाऊण तास उशिरा पोहोचला, चिखलाने भरलेला. मी त्याला बसू दिले, पण पेपर सगळ्यांच्या बरोबरच काढून घेतला. त्या वेळी वाटले होते, नियम सर्वांना सारखा, यात माझी चूक ती काय? तो काही बोलला नाही. त्याने "जमीन हलली त्याला मी काय करू" असे म्हटले असते, तर मी काय उत्तर दिले असते, कोण जाणे.

साकुराईला एका दुपारी अनोळखी जोडप्याला हरवल्याची लाज वाटली आणि त्यातून त्याने एवढा खेळ उभा केला. मी निवृत्त होईपर्यंत ते पेपर काढून घेणे विसरूनही गेलो होतो.

स्पर्धकांचे चुकते असे मी म्हणणार नाही. जेथे बक्षीस आहे, नाव आहे, तेथे कौशल्याचीच परीक्षा व्हावी हे मान्य. पण ती जमीन निवडताना आपण कोणाच्या तरी बाजूने निवडतो, एवढे भान असावे. आणि घरात चौघे बसलेले असताना जहाज कलले, तर कलू द्यावे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मुलांनी मलाही एक रिमोट हातात दिला. नातवाने विचारले, "आजोबा, बटण बंद ठेवू की चालू?" मी म्हटले, "चालू ठेव." मित्राने माझ्याकडे पाहून नुसते हसून घेतले. मी कोल्हा घेतला आणि जहाज एकदाही न कलता, स्वतःच्याच पायाने चालत जाऊन चार वेळा खाली पडलो. पाचव्या वेळी मात्र जहाज डावीकडे झुकले आणि नातवाचा काठ हुकला. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

असो. त्याने "चीटिंग" म्हटले नाही, याचे मला बरे वाटले.