दारिद्र्य कोणाचे?

श्रोतेहो, ताडकळससारख्या खेड्यात आयुष्य घालविलेल्या शाळामास्तराने मुंबईच्या गिरण्यांविषयी बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमचा परभणी जिल्हा काळ्या जमिनीचा व कापसाचा. आमच्या वेचणीचा कापूस डोळ्यांपुढून गाड्या भरभरून जाताना पाहिला, की त्याचे सूत काढणाऱ्या माणसाची आठवण होते. इतिहास शिकविताना मी मुलांना गिरणीचे साल पाठ करावयास लावी. त्या गिरणीतील माणसाचे दिवस कसे जात, हे मात्र सांगावयाचे राहून गेले. ती चूक आज थोडीशी भरून काढावयाची आहे.

कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी स्थापिली व 1856 मध्ये गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा वगैरे भागांतील माणसे पोटासाठी तेथे लोटली. त्या वेळी गिरणीत विजेचा दिवा नव्हता, म्हणून काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्याची ठरलेली सुटी नाही आणि सात-आठ वर्षांची मुलेही यंत्रापाशी उभी. हा मनुष्य इतके राबूनही दरिद्री का, असा प्रश्न विचारी लोकांपुढे उभा राहिला आणि त्याची निरनिराळी उत्तरे देणारे निरनिराळे पक्ष झाले.

पहिले उत्तर राष्ट्रीय विचाराच्या मंडळींचे. दादाभाई नौरोजींनी गणित करून दाखविले, की हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी अवघे 20 रुपये पडते आणि देशाची संपत्ती सतत विलायतेस वाहून जात आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी देशी उद्योगधंद्यांची वाढ हाच त्यावर उपाय सांगितला. या दृष्टीने गिरणी म्हणजे देशाची आशा. म्हणून सोराबजी शापुरजी बंगाली यांनी 1878 साली कामगारांच्या रक्षणासाठी कायद्याचा मसुदा केला, तेव्हा हा लँकेशायरच्या कारखानदारांना फायदेशीर होणारा डाव आहे, अशी ओरड झाली. पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांचाही कल गिरणी-कायद्याच्या विरुद्धच होता. हा संशय अगदीच निराधार नव्हता. लँकेशायरची खटपट खरी होती आणि 1896 साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली तीही त्यांच्याच हितासाठी. पण परक्याचा हेतू वाईट म्हणून आपल्या कामगाराचे चौदा तास चांगले ठरत नाहीत, हे आपल्या विद्वानांच्या ध्यानात आले नाही. 1881 चा कायदा झाला तो केवळ मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलास मनाई व बारा वर्षांपर्यंतच्या मुलास नऊ तास काम. प्रौढांचा त्यात विचारच नव्हता.

दुसरे उत्तर जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतून आले. देश दरिद्री आहे खरा, पण त्या दारिद्र्याचा भार वाहतो तो शेतकरी व मजूर, आणि त्याला कोणी विचारीत नाही, असा त्यांचा रोख होता. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ पत्र चालवीत. त्यांनी 1884 च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाहा: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरलेल्या मुदतीत, आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्यास मदत. 24 एप्रिल 1890 रोजी दहा हजार कामगार एकत्र जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढील साली कायदाही सुधारला. लोखंडे 1897 साली प्लेगात वारले.

तिसरे उत्तर विसाव्या शतकातले. ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापून शिक्षण व सेवेचा मार्ग धरला. साम्यवादी पुढाऱ्यांनी वर्गलढ्याचा. 1928 साली सुमारे दीड लाख कामगारांचा संप सहा महिने चालला. कामगार सारे एक, अशी घोषणा होती. परंतु विणकामाच्या खात्यात, जेथे मजुरी अधिक, तेथे अस्पृश्यांस प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा विटाळ इतर कामगारांस खपत नसे. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. त्यांनी तो नाखुषीनेच मागण्यांत घेतला. 1938 साली मनमाडच्या परिषदेत त्यांनी भांडवलशाही व ब्राह्मण्यशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, त्यामागे हा अनुभव होता.

आता विचार करा. तिन्ही पक्ष प्रामाणिक होते आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश होता. परंतु देशाचा हिशेब मांडणाऱ्यास कामगार दिसला नाही आणि कामगारांची एकी मांडणाऱ्यास त्यांच्यातील अस्पृश्य दिसला नाही. मोठ्या शब्दाच्या सावलीत लहान माणूस झाकला जातो. प्रत्येक वेळी सुधारणा झाली ती त्या झाकलेल्या माणसाने, अथवा त्याच्या जवळच्या कोणी, आपली अडचण तासांत, पैशांत व खात्याच्या नावानिशी सांगितली तेव्हाच.

मुंबईच्या त्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. रविवार मात्र राहिला आहे. तो आपणांस कोणी सहज दिला नाही. साडेपाच हजार सह्यांतून तो आला आहे. येत्या रविवारी सवडीने घरी बसाल, तेव्हा आपल्याच घरी काम करणाऱ्या माणसास सुटी कोणत्या दिवशी असते, एवढे त्याला एकदा विचारून पाहावे, ही माझी विनंती.