जाहिरात कुणाची छापायची? केसरीच्या नकारापासून रिसोडच्या दुकानापर्यंत

रिसोड तालुक्यात आपल्या समाजातील तरुण आता व्यवसायात उतरत आहेत. कुणी मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकतो, कुणी खानावळ चालवतो, कुणी घरी शिवणकाम करते. त्यांच्यासोबत काम करताना आमच्या कानावर एक सल्ला सतत पडतो : "पाटीवर आडनाव टाकू नका, पेपरवाल्यांच्या नादी लागू नका." सल्ला आपुलकीचा असेल, पण तो आपल्या इतिहासाच्या विरुद्ध आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद पडला. ज्ञान कमी नव्हते, भांडवलही फारसे लागत नव्हते. बाजारात नावाची जात आधी वाचली गेली.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत केली होती. या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. जाहिरात म्हणजे नुसता पैशाचा व्यवहार असता, तर पैसे मोजणाऱ्याला नकार कशासाठी? वर्तमानपत्रातील जागा कुणाला द्यायची हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याच्याच हाती बाजाराची किल्ली असते.

आता दुसरी बाजू पाहा. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज आपली गाडी हॉटेलासमोर थांबवून भर रस्त्यात चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. महाराजांनी गंगारामांची ओळख लपवली नाही, उलट ती चारचौघांत मान्य करायला लावली. यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

काही मित्र म्हणतात, "आपला मोबाईल, आपला ग्रुप, मग पत्रकार कशाला?" आपली माध्यमे हवीतच. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही परंपराच तशी आहे. पण बाबासाहेबांनी स्वतःचे पत्र काढले म्हणून इतरांच्या पत्रात जागा मागणे सोडले नव्हते. ती जाहिरात 'केसरी'कडे गेली होती, हे विसरू नका. शिवाय आपल्या ग्रुपवर आपलीच माणसे असतात. दुकान चालायला अख्ख्या बाजारपेठेतले गिऱ्हाईक लागते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तेव्हापासून जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले, पण पत्रकारांशी आपला संबंध आजही १४ एप्रिलच्या पुरवणीपुरताच राहतो. तालुक्याच्या बातमीदारावर अनेकदा जाहिराती मिळवण्याची जबाबदारी असते. तेव्हा जाहिरात वेगळी आणि बातमी वेगळी, हे आपण आधी समजून घेतले पाहिजे. "दुकान उघडले" ही जाहिरात झाली. "गावातल्या पहिल्या मुलीने दुरुस्तीचे काम शिकून दुकान टाकले, दोघींना रोजगार दिला" ही बातमी झाली. ती अर्ध्या पानात लिहा, फोटो जोडा, आकडे खरे द्या आणि स्वतः जाऊन भेटा. बातमीदाराला शेतीची, शाळेची, पाणीटंचाईची खरी माहिती वर्षभर देत राहा. ओळख अशीच तयार होते. एका ठिकाणी नकार आला तर दुसऱ्याकडे जा, आणि नकाराची तारखेसह नोंद ठेवा. 'केसरी'चा नकार नोंदला गेला, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही आपण त्याचा जाब विचारू शकतो.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून काय करतो? महाराजांकडे गाडी होती, आपल्याकडे पाय आहेत. आपल्या माणसाच्या खानावळीत आपल्या सवर्ण मित्राला सोबत घेऊन जा, उधारी न करता जेवा आणि पाटीवरचे नाव मोठ्याने वाचा.

जय भीम!