आरमाराची मर्यादा आणि हौशीची होडी

आमच्या कंग्राळीपासून समुद्र दूर. तथापि आंबोली घाट उतरून मालवण गाठावे, होडीने सिंधुदुर्गास जावे आणि तेथील श्रीशिवराजेश्वराचे दर्शन घ्यावे, ही हौस आमच्याकडे पुष्कळांना असते. होडीत बसल्यावर सर्वांची दृष्टी तटाकडे लागते; होडीखाली काय आहे, हे सहसा कोणी पाहत नाही.

१६६४ साली ज्या कुरटे बेटावर हा दुर्ग उभारण्यास आरंभ झाला, त्याच्या सभोवतीच्या उथळ, खडकाळ पाण्यात प्रवाळांची वस्ती आहे. दिसावयास ते दगड. वस्तुतः सूक्ष्म जीवांनी रचलेली घरे. कित्येक जाती वर्षाकाठी बोटाच्या पेराएवढ्याही वाढत नाहीत. माशांची पिले त्यांच्याच आश्रयाने वाढतात. अशा ठिकाणी सहलीच्या होडीचा नांगर फरफटला, अथवा पाण्यात उतरलेल्या पाहुण्याने प्रवाळावर पाय रोवला, म्हणजे अनेक वर्षांची घडण क्षणात मोडते.

१९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील अधिवासाचा विनापरवाना नाश करण्यास मनाई आहे. आपल्या व्यवसायावर गदा येईल म्हणून मच्छीमारांनी या घोषणेस विरोध केला. ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणूनच सागरी हद्दीत अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे रक्षण करावे, असे पुढे कायद्यानेच सांगितले. उपजीविका आणि करमणूक यांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नव्हे.

या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे स्मरण होते. आरमारास लाकूड हवेच. तरीही रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्यातील दंडक आहे. जीर्ण झाड तोडणे झाले, तरी धन्यास राजी करून व मोल देऊनच. राज्यरक्षणाच्या गलबतासाठीही जी मर्यादा पाळावयाची, ती घटकाभराच्या हौशीने ओलांडावी काय?

उपाय अवघड नाही. नेहमीच्या ठिकाणी पक्के बोये बसवून होड्या त्यांना बांधाव्यात. नांगर टाकणे भागच पडले, तर तो वाळूवर टाकावा. आपणही नावाड्यास तेवढे विनवावे. देवराईतील काडी न मोडण्याचा संस्कार आपणांस नवा नाही. तो भरतीच्या रेषेपलीकडे न्यावयाचा, इतकेच.