झोळीपूर्वी आराखडा : महर्षी कर्वे यांच्या निधिसंकलनाचा इतिहास

संस्थेच्या हीरक महोत्सवात दात्यांची नावे शिलालेखावर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र ते दान मागण्याआधी कोणी किती वर्षे विचार केला, कोणती तयारी केली, याची नोंद शिलालेखावर सहसा होत नाही. ज्या शिक्षणसंस्था दीर्घकाळ टिकल्या, त्यांच्या इतिहासात एक क्रम आढळतो : आधी उद्देश ठरला, मग त्यासाठी माणसे उभी राहिली आणि पैसा त्यांच्यामागून आला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्यात हा क्रम विशेष स्पष्टपणे दिसतो.

कर्वे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. हे महाविद्यालय १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. तिच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वखुशीने पत्करलेले असे. वर्गणी मागणाऱ्याने स्वतःचे आयुष्य आधीच कामाला दिले आहे, हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसत असे. कर्वे यांनी हीच रीत पुढे आपल्या कार्यात आणली.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळ हिंगणे येथे गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर आरंभी उभी राहिली ती एक साधी झोपडी. १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले आणि १९०८ साली निष्काम कर्ममठ. या मठाचा हेतू इमारत किंवा ठेव जमविणे हा नव्हता. संस्थांना वाहून घेणारे कार्यकर्ते घडावेत, एवढ्यासाठी तो होता. महिला विद्यापीठाची योजना लोकांपुढे येण्याच्या सात वर्षे आधी मनुष्यबळाची ही तरतूद झाली होती. आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमविणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनीही वैधव्यानंतर याच कार्याला वाहून घेतले होते. निधीसाठी त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांच्या शब्दाला वजन आले, ते त्यांच्या जीवनक्रमामुळे.

डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधील महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून त्या कल्पनेला निश्चित रूप आले होते. योजनेचे मुख्य सूत्र ठाम होते : शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय ठेवावयाचा. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. सरकारची मान्यता नव्हती. अशा पदवीला नोकरीच्या बाजारात काय मोल, हा लोकांचा आक्षेपही निराधार नव्हता. विद्यापीठाच्या घटनेत मात्र एक दूरदृष्टी होती. ठराविक वार्षिक वर्गणी देणाऱ्यांना सिनेटवर प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार होता. त्यामुळे लहान वर्गणीदारही विद्यापीठाच्या कारभारात सहभागी झाला. जो दरवर्षी देतो, तो दरवर्षी हिशेबही विचारतो, आणि त्यातून संस्थेला शिस्त लागते.

पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या देणगीला अटी होत्या. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले, आणि १९३६ साली विद्यापीठाचे ठाणे पुण्याहून मुंबईस हलले. नाव बदलले, स्थान बदलले. मातृभाषेचे माध्यम मात्र बदलले नाही. मराठीबरोबर गुजरातीतूनही वर्ग चालले. कोणत्या गोष्टीत तडजोड करावयाची आणि कोणती गोष्ट सोडावयाची नाही, हे देणगी येण्यापूर्वीच ठरलेले असले, म्हणजे मोठा दाता आला तरी संस्था आपली वाट चुकत नाही. देणगीची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. ती साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला साडेबावन्न हजार रुपयांचे व्याज देणारी होती. इमारत एकदाच बांधावी लागते, पण शिक्षकांचे वेतन दरमहा द्यावे लागते, हा विचार तिच्यामागे होता.

एवढी देणगी मिळाल्यावरही कर्वे थांबले नाहीत. वयाच्या सत्तरीत, १९२९ साली, ते युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले, आणि त्यानंतर आफ्रिकेसही गेले. जेथे गेले तेथे त्यांनी भारतातील स्त्रीशिक्षणाचे कार्य लोकांना समजावून दिले व विद्यापीठासाठी साहाय्य मागितले. विद्यापीठाला कायदेशीर दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षांच्या या प्रतीक्षेत संस्थेला तारले, ते नियमित वर्गणीने, व्याजाच्या उत्पन्नाने आणि वाहून घेतलेल्या माणसांनी.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालविणाऱ्यांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. येथेही मातृभाषेच्या शिक्षणाला व्यवहारात काय मोल, असे विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर देणगीच्या आवाहनात नव्हे, तर आवाहनापूर्वीच्या आराखड्यात असावे लागते. पुढील दहा वर्षांत किती मुले येतील, त्यांना मराठीबरोबर कोणत्या भाषा उत्तम यावयास हव्यात, शिक्षक कोठून मिळतील, जमलेल्या निधीतील किती भाग खर्चावयाचा आणि किती ठेव म्हणून राखावयाचा, हिशेब कोण व केव्हा प्रसिद्ध करणार, आणि कोणत्या अटीची देणगी कितीही मोठी असली तरी नाकारावयाची, हे आधी कागदावर यावयास हवे. माजी विद्यार्थी दूरदूरच्या शहरांत पांगले आहेत. शाळेविषयी त्यांच्या मनात ओलावा आहे, परंतु केवळ आठवणींच्या बळावर मिळणारी वर्गणी एखाद्या समारंभापुरतीच पुरते. आराखडा पटला, तर तीच माणसे दरवर्षी देतील आणि पालकही आपले मूल विश्वासाने याच शाळेत घालतील. शाळेला आज या दोहोंचीही सारखीच गरज आहे.