डिस्पोजलच्या लष्करी जीपवरील मूळ माउंटिंग कशी ओळखावीत

ताम्रपट, नाणी, वीरगळ ही इतिहासाची साधने आहेत, हे तुम्ही पहिल्याच वर्षी वाचलेले असते. या टिपणात आपण तीच साधनचिकित्सा एका अलीकडच्या आणि जरा तेलकट साधनाला लावून पाहू. हे साधन म्हणजे लष्कराने सेवेतून काढून लिलावात विकलेली जीप. बाजारात अशा मालाला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणतात. विक्रीपूर्वी तिच्यावरील शस्त्र, वायरलेस संच आणि अवजारे उतरवून घेतलेली असतात. ती जिथे बसवली होती तिथल्या खुणा मात्र राहतात: एखादे ब्रॅकेट, बोल्टची भोके, पत्र्याखाली दिलेली आधारपट्टी, रंगाखाली उमटलेली चौकट. या खुणांवरून जीपचे काम काय होते ते सांगता येते. पण ताम्रपट जसे बनावट निघतात, तशी माउंटिंगही निघतात. ‘युद्धातली अस्सल जीप’ म्हटले की भाव वाढतो, हे त्याचे साधे कारण आहे.

प्रथम ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ ठरवू. कारखान्यातून निघताना जे होते ते मूळ, असे हौशी संग्राहक मानतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा अर्थ अपुरा पडतो. लष्करी वर्कशॉपने सेवेच्या काळात पाडलेले भोक कारखान्याचे नाही, पण त्या वाहनाच्या लष्करी आयुष्याचा तोच सर्वांत थेट पुरावा आहे. कारखान्याची माउंटिंग हजारो जीपवर सारखी असतात. वर्कशॉपचे भोक त्या एका जीपबद्दल बोलते. म्हणून आपल्याला तीन थर वेगळे करायचे आहेत: कारखान्याचा, लष्कराचा आणि खाजगी मालकाचा. यांतला मधला थर सर्वांत मोलाचा असतो आणि दुरुस्तीत सर्वांत आधी तोच नाहीसा होतो.

भारतात हे थर अधिक गुंतलेले आहेत. 1941 ते 1945 या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. विलीजच्या जीपला एमबी आणि फोर्डच्या जीपला जीपीडब्ल्यू म्हणतात. युद्ध संपल्यावर त्यांतल्या बऱ्याच भारतात उरल्या आणि विकल्या गेल्या. पुढे महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि नंतर उंच बॉनेटची सीजे-3बी वर्षानुवर्षे बनवली. जबलपूरच्या वाहन कारखान्यातून निसान पेट्रोलवर आधारलेली जोंगा लष्कराला मिळाली. शिवाय हरियाणातले मंडी डबवाली हे गाव लिलावातल्या जीप सोडवून, नवी बॉडी चढवून विकण्यासाठी प्रसिद्ध आहे. तुम्ही जयपूरच्या आदर्श नगरात राहत असा वा पुण्याच्या खडकीत, गल्लीत उभ्या असलेल्या हिरव्या जीपची चॅसी एका काळातली आणि पत्रा दुसऱ्या काळातला असू शकतो, हे गृहीत धरूनच सुरुवात करा.

त्यामुळे आधी चॅसी पाहा, पत्रा नंतर. पुढच्या टोकाचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चॅसी विलीज एमबीची आणि उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची असते. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, एफ हे अक्षर उमटवले होते. युद्धकाळातल्या या जीपचे चालकाचे चाक डावीकडे होते. ते भारतात उजवीकडे नेले असेल, तर डाव्या बाजूला स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टची रिकामी भोके सापडतात.

आता पत्रा. समोरच्या जाळीला नऊ फटी असतील तर युद्धकाळातला नमुना, सात असतील तर नंतरचा. युद्धकाळातल्या जीपला मागे उघडणारी फळी नव्हती आणि जादा चाक मागच्या बाजूला बोल्टने बसवलेले असे. चालकाच्या बाजूला बाहेरून फावडे आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी बांधलेली असे व त्यांच्यासाठी पत्र्यात खोलगट जागा ठेवलेली होती. इथे अनेक जण फसतात. युद्धानंतर नागरिकांसाठी निघालेल्या सीजे-2ए या जीपच्या सुरुवातीच्या गाड्यांनाही तीच खोलगट जागा होती, कारण पत्रा दाबण्याचे साचे तेच होते. म्हणजे खोलगट जागा हा लष्करी सेवेचा पुरावा नाही. कमी ब्रॅकेट असणे म्हणजे बनावट, असेही समजू नका. अगदी सुरुवातीच्या एमबीला मागे जेरीकॅनचे ब्रॅकेट नव्हतेच, ते उत्पादन सुरू असताना आले.

वायरलेसच्या खुणा जास्त बोलक्या असतात. इंजिनातल्या ठिणग्यांमुळे संचात खरखर येते. ती दाबण्यासाठी बॉनेट, इंजिन, बॉडी आणि चॅसी यांना विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यांनी जोडत आणि बोल्टखाली दातेरी वॉशर घालत, म्हणजे ते रंग खरवडून धातूला भिडत. अशी व्यवस्था केलेल्या अमेरिकी जीपच्या बॉनेटवरील क्रमांकापुढे एस हे अक्षर रंगवलेले असे. भारतीय लष्कराने पुढे आपला बाणाचे चिन्ह असलेला क्रमांक घातला तरी जुना क्रमांक खालच्या रंगात राहू शकतो. पट्ट्या निघून गेल्या असल्या, तरी दातेरी वॉशरने पत्र्यावर कोरलेले गोल टिकून असतात.

दुसरी खूण विजेची. अमेरिकी जीपची वीज 6 व्होल्टची, तर ब्रिटिश व भारतीय सैन्याने वापरलेला 19 क्रमांकाचा वायरलेस संच 12 व्होल्टवर चाले. त्यामुळे संचासोबत वेगळ्या बॅटऱ्या न्याव्या लागत. मागच्या भागात संचाच्या चौकटीची भोके, जवळच बॅटरीच्या पेटीसाठी पट्ट्या, तळाच्या पत्र्यावर आम्लाने खाल्लेले डाग आणि बाजूच्या पत्र्यावर एरियलच्या बुडख्याची भोके असा मेळ बसला, तर ती जीप वायरलेसची होती असे म्हणता येते. यांतली एकच खूण सापडली, तर विधान जपून करा.

आता कामाचे सर्वांत उपयोगी साधन: आट्यांचे माप घेण्याचा थ्रेड गेज. हार्डवेअरच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. माउंटिंगचा बोल्ट किंवा वेल्ड केलेला नट शिल्लक असेल, तर त्याच्या आट्याच तो कुणाचा ते सांगतात. 5/16 इंची बोल्ट घ्या. त्याची जाडी 7.94 मिलिमीटर, म्हणजे 8 मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टपासून डोळ्यांना वेगळी दिसत नाही. पण अमेरिकी बारीक आट्यांत दोन आट्यांमधले अंतर 1.06 मिलिमीटर, ब्रिटिश बारीक आट्यांत 1.15 आणि मेट्रिकमध्ये 1.25 असते. ब्रिटिश व्हिटवर्थ आटीचा कोन 55 अंशांचा, अमेरिकी व मेट्रिक आटीचा 60 अंशांचा. अमेरिकी जीपवर ब्रिटिश आट्यांचे माउंटिंग आढळले, तर ते ब्रिटिश किंवा भारतीय लष्कराच्या हाती गेल्यावर बसवलेले असण्याची शक्यता मोठी. भारतात वजनमापांचा मेट्रिक कायदा 1956 चा आहे आणि कारखान्यांत त्याचा वापर हळूहळू वाढला. म्हणून युद्धकाळातल्या जीपवर मेट्रिक बोल्टने बसवलेले ‘मशीनगनचे स्टँड’ दिसले, तर मालकाला नम्रपणे विचारा की ते कधी बसवले. जोंगाला मात्र हा नियम लावू नका, तिचा मूळ जपानी आराखडाच मेट्रिक आहे.

भोकाची कडही पाहा. कारखान्यात ठोशाने पाडलेले भोक एका बाजूने किंचित आत वळलेले आणि मापात एकसारखे असते, शिवाय कारखान्याचा रंग त्याच्या कडेवरही चढलेला असतो. ड्रिलने नंतर पाडलेल्या भोकात रंगाचे थर कापलेले दिसतात. त्या भोकाच्या कडेवर नंतरच्या हिरव्या रंगाचे किती थर चढले ते मोजले, की ते भोक लष्करातले की लिलावानंतरचे याचा अंदाज येतो.

शस्त्राच्या माउंटिंगची परीक्षा वजनाने करा. अमेरिकी जीपवर मशीनगनसाठी एम31 नावाचा खांब पुढच्या आसनांमागे जमिनीला बोल्टने बसवत आणि त्याला आडवे आधार देत. 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ याहून फार जड, सुमारे 210 किलोची. 10 सप्टेंबर 1965 रोजी खेमकरणच्या आघाडीवर असल उत्तरजवळ हवालदार अब्दुल हमीद यांना वीरमरण आले, ते अशीच तोफ बसवलेल्या जीपवरून लढताना. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तेव्हापासून ‘तोफेची जीप’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गाड्यांना वेगळे वलय आहे, म्हणून इथे काटेकोर राहणे भाग आहे. तोफेची लांब नळी पुढे बॉनेटवर येते. तिच्यासाठी अमेरिकी एम38ए1सी या नमुन्यात समोरची काच मध्ये दुभागलेली होती आणि प्रवासात नळी धरून ठेवायला आधार होता. एवढे वजन आणि खाचखळग्यांतले धक्के साधा पत्रा सोसत नाही. म्हणून जमिनीखाली वाका, टॉर्च लावा आणि वजन चॅसीपर्यंत पोचवणाऱ्या आधारपट्ट्या शोधा. वर चार सुबक बोल्ट आणि खाली नुसता पातळ पत्रा असेल, तर तिथे तोफ कधीच नव्हती.

मग कागद. एमबी व जीपीडब्ल्यूसाठी अमेरिकी लष्कराची टीएम 9-803 ही 1944 ची पुस्तिका उपलब्ध आहे. तिच्यातून कारखान्याचा थर समजतो, लष्करी वर्कशॉपचा नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वाहनेच पाहावी लागतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून सेंच्युरियनपर्यंतची वाहने आहेत. तिथे तोफांकडे सगळेच बघतात. तुम्ही एरियलचे बुडखे, अवजारांची ब्रॅकेट आणि नुसतीच उरलेली भोके यांचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा.

खाजगी मालकाच्या गाडीवर काम करताना हे फोटो रंगकाम सुरू होण्यापूर्वीच मिळवा. गॅरेजमध्ये गाडी ‘नवी’ करताना पहिल्याच दिवशी जुनी भोके वेल्ड करून, वर पुट्टी भरून, घासून सपाट करतात. मालकाला ते आवडते. भोक बुजवायचेच असेल, तर वेल्डिंगऐवजी आतून रबरी बूच लावायला सांगा, ते पुढे कधीही काढता येते.