अमीबाचे विष आणि अमीबाची भूक

आव पाडणारा अमीबा माणसाच्या पेशी कशा मारतो, हा शोध शंभरहून अधिक वर्षे चालला आहे, आणि दर वेळी त्याला एकच गुन्हेगार हवा होता. 1875 मध्ये सेंट पीटर्सबर्गला फ्योदर लेश यांनी एका आजारी शेतकऱ्याच्या शौचात अमीबा पाहिले. ते कुत्र्यांच्या पोटात घातल्यावर एकाच्या आतड्याला व्रण पडले, तरी रोगाचे मूळ अमीबाच, असे त्यांनी ठामपणे म्हटले नाही. तो सावधपणा रास्त होता. 1913 मध्ये मनिलाच्या बिलिबिद तुरुंगातल्या प्रयोगांचे निष्कर्ष वॉकर आणि सेलार्ड्स यांनी प्रसिद्ध केले. अमीबा दिलेल्या 20 कैद्यांपैकी 18 जणांत तो रुजला. आव मात्र चौघांनाच लागली. एमिल ब्रुम्प्ट यांनी 1925 मध्ये सुचवले की दिसायला सारख्या, पण एक घातक आणि एक निरुपद्रवी अशा दोन जाती असाव्यात. हे सर्वमान्य व्हायला 1993 उजाडले.

दरम्यान 1982 मध्ये अमीबात पेशीच्या पटलाला भोके पाडणारे एक प्रथिन सापडले. त्याचे नाव अमीबापोर, लांबी अवघ्या 77 अमिनो आम्लांची. काही जिवाणूंची विषेही अशीच भोके पाडतात, म्हणून 'विष सापडले' असे वाटणे साहजिक होते. पण अमीबाचे रोजचे अन्न म्हणजे आतड्यातले जिवाणू, आणि गिळलेले जिवाणू मारायला त्याला हेच प्रथिन लागते. निरुपद्रवी जातीकडेही ते आहे, जरा कमी जहाल. म्हणजे ही मुळात स्वयंपाकघरातली विळी. खुनाचे हत्यार ती नंतर ठरली.

यावर आक्षेप असा, की अमीबापोरचे जनुक बंद केलेला अमीबा प्राण्यांच्या यकृतात गळू करू शकला नाही. मग दोषी तेच नव्हे का? यकृतापुरता हा पुरावा भक्कम आहे. पण 2004 च्या प्रयोगात त्याच अमीबाने मानवी आतड्याच्या ऊतीची मात्र नासधूस केलीच. 2014 मध्ये तर दिसले, की अमीबा जिवंत पेशीचे लचके तोडतो आणि त्या लचक्यांनीच ती मरते. एका विषावर सगळा दोष टाकणारी मांडणी म्हणूनच तोकडी पडते. मारणे हा या जिवाच्या खाण्याचाच भाग आहे. जिवाणूंवर भागणारी त्याची भूक आतड्याच्या भिंतीकडे कधी आणि का वळते, हा खरा प्रश्न आहे. बिलिबिदच्या 18 आणि 4 या आकड्यांनी तो 1913 मध्येच विचारला होता.