अ‍ॅनी बेझंट: ताब्याचे दोन खटले, बाई एकच

अ‍ॅनी बेझंट म्हटलं की शाळेचं इतिहासाचं पुस्तक आठवतं. १९१६, होमरूल लीग, एकीकडे लोकमान्य टिळक आणि दुसरीकडे या बाई. पण मुलांच्या ताब्यासाठी त्या दोनदा कोर्टात उभ्या राहिल्या होत्या, हे पुस्तकात नसतं. आजही घटस्फोटात आईबाप ज्या चुका करतात, त्यातल्या बऱ्याच या दोन खटल्यांत सापडतात.

पहिला खटला इंग्लंडचा. अ‍ॅनीचं लग्न झालं फ्रँक बेझंट या पाद्र्याशी. तिचा धर्मावरचा विश्वास उडाला आणि १८७३ मध्ये दोघं वेगळी झाली. लेखी करार झाला: मुलगा डिग्बी वडिलांकडे, मुलगी मेबल आईकडे. भावंडं अशी वाटून घेतली, जणू घरातलं सामानच! माझ्या मते पहिली चूक तीच.

१८७७ मध्ये अ‍ॅनी आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी संततिनियमनावरची एक पुस्तिका छापली. खटला झाला, शिक्षा झाली, पुढे तांत्रिक कारणावरून ती रद्दही झाली. पण फ्रँकच्या हाती मुद्दा आला. १८७८ मध्ये त्यानं मेबल मागितली. वकील न घेता अ‍ॅनीनं स्वतः बाजू मांडली. त्या काळी बाईनं हे करणं म्हणजे कोर्टात खळबळच. न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी मान्य केलं की आईची माया खरी आहे, मुलीची देखभाल नीट होते. तरी निकाल विरोधात! कारण काय, तर आई नास्तिक आणि वर तिनं ती पुस्तिका छापलेली. म्हणजे वाद आईबापांच्या मतांचा, आणि घर बदललं सात वर्षांच्या पोरीचं. अ‍ॅनीनं आत्मचरित्रात लिहिलंय की तापातून नुकत्याच उठलेल्या मेबलला ओरडत, हातपाय झाडत असताना ओढून नेलं.

पुढे मुलांना भेटण्याचा हक्क मिळाला. पण प्रत्येक भेटीत ताण, आणि तो मुलांवरच निघायचा. शेवटी अ‍ॅनीनं ठरवलं, मुलं स्वतः विचार करण्याएवढी मोठी होईपर्यंत भेटायचंच नाही. मला हे वाचून पटलं नाही, पण हा हिशोब तिनं मुलांच्या बाजूनं मांडला होता एवढं नक्की. मोठी झाल्यावर दोघंही आईकडे आली.

आता तीस-बत्तीस वर्षं पुढे, मद्रासला येऊ. अ‍ॅनी बेझंट थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष. तिथंच काम करणाऱ्या नारायणय्यांच्या कृष्णमूर्ती नावाच्या मुलात चार्ल्स लेडबीटर यांना भावी जगद्गुरू दिसला. (हो, तेच जे. कृष्णमूर्ती.) मार्च १९१० मध्ये वडिलांनी कृष्णमूर्ती आणि धाकट्या नित्यानंदाचं पालकत्व कागदावर बाईंना दिलं. पुढे लेडबीटर यांची संगत वडिलांना नकोशी झाली. पण मुलं शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेली होती. वडिलांनी दावा लावला. बाईंनी पुन्हा स्वतःच बाजू मांडली. १९१३ मध्ये मद्रासला निकाल वडिलांच्या बाजूनं लागला, अपीलही बाई हरल्या.

मग १९१४ मध्ये लंडनची प्रिव्ही कौन्सिल. तिचा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. एक, बापानं कागदावर पालकत्व दिलं तरी तो ते परत घेऊ शकतो. ते काही प्लॉटचं खरेदीखत नव्हे. दोन, मुलं राहतात इंग्लंडमध्ये, आणि त्यांना काय हवंय हे कोणी विचारलेलंच नाही. मुलांचं म्हणणं होतं की भारतात परत जायचं नाही. मद्रासचा हुकूम रद्द झाला.

म्हणजे बाई जिंकल्या. पण जिच्या हातून मुलगी हिसकावली होती, तीच आता एका बापाला त्याच्या मुलांपासून दूर ठेवून लढत होती. त्यांना यातला विरोधाभास दिसला असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलांना विचारायचं, ही गोष्ट आपल्या कायद्यात तेव्हाही होती. १८९० चा पालक व पाल्य कायदा, कलम १७: मूल समजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. हा कायदा आजही लागू आहे. कुटुंब न्यायालयात न्यायाधीश अनेकदा मुलाला चेंबरमध्ये एकट्याला बोलावून घेतात, ते यासाठीच. आणि तिथं जायच्या आदल्या रात्री आईबाप त्याला काय बोलायचं ते पाठ करून घेतात.